पत्रादेवीचं पेट्रोल

मला एक खोड आहे. नव्या गावात शिरलं की माझं लक्ष पहिल्यांदा पेट्रोल पंपाकडे जातं. भाव काय, आपल्याकडच्यापेक्षा किती वर, किती खाली... आणि मग तो एका छोट्या वहीत टिपून ठेवायचा. नवरा म्हणतो, लोक देवळं बघतात, खरेदी करतात, तू पंप बघतेस! बघते बुवा. पण त्या एका आकड्यात जेवढं असतं तेवढं पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकात नसतं. इथलं सरकार पैसे कशातून उभे करतं, इथल्या माणसाला गावाबाहेर पडायला स्वतःच्या गाडीशिवाय काही आहे का, शेजारच्या राज्याशी यांचं कसं काय चाललंय, सगळं त्या फलकावर लावलेलं असतं. फक्त उलगडून वाचावं लागतं.

या खोडीचं मूळ आमच्या सावंतवाडीत आहे. माझं माहेर तिथलं. सावंतवाडीहून दक्षिणेला निघालं की बांदा, आणि बांद्याच्या पुढे पत्रादेवी. तिथे गोवा सुरू होतो. रस्ता तोच, झाडं तीच, पाऊसही तोच, पण पेट्रोल वेगळं. म्हणजे पेट्रोल तेच हो, भाव वेगळा.

२०१२ च्या मार्चमध्ये गोव्यात मनोहर पर्रीकरांचं सरकार आलं आणि निवडणुकीत दिलेला शब्द पाळत त्यांनी पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला. जवळजवळ पुसूनच टाकला म्हणा ना. गोव्यातलं पेट्रोल एकदम ११ रुपयांनी उतरलं. त्यानंतर आमच्याकडच्या लोकांना गोव्यातल्या नातेवाईकांची जी काही आठवण यायला लागली, विचारू नका! बारशाला न जाणारी माणसं साखरपुड्यांना जायला लागली. आमचे नानाकाका म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला पूर्वी सहा महिन्यांतून एकदा जायचे, ते दर शुक्रवारी जाऊ लागले. घरातून कोणी बाहेर पडताना दिसलं की ओटीवरून हाक यायची, "गोव्यात जातंस? मगे येताना टाकी फुल करून ये हां!"

पुढे त्याच वर्षी गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, सरकारचं उत्पन्न आटलं, आणि तो कर हळूहळू पुन्हा चढत गेला. आता ११ रुपयांचा फरक उरलेला नाही. पण २०२५ मध्ये मी वहीत टिपले ते आकडे असे : आमच्याकडे १०५ च्या आसपास, गोव्यात ९६-९७. म्हणजे आठ-नऊ रुपये अजूनही आहेतच.

आता मजा बघा. सावंतवाडीहून खास पेट्रोल भरायला पत्रादेवीला जायचं तर जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर. स्कूटर लिटरला पंचेचाळीस देते असं धरलं तर पाऊण लिटरच्या वर जळणार, म्हणजे ८० रुपये. आणि पाच लिटरची टाकी भरून वाचले किती? बेचाळीस. म्हणजे सावंतवाडीकराला हा सौदा तोट्याचा. पण बांद्यातला माणूस दहा-बारा किलोमीटरांत जाऊन येतो, त्याचे पंचवीसच जळतात, तो फायद्यात! नकाशावर दोन राज्यांमधली रेघ एकच असते, पण पेट्रोलची सीमा त्या रेघेपासून थोडी अलीकडे असते. आणि ती प्रत्येकाच्या गाडीच्या अॅव्हरेजप्रमाणे सरकते. मोटरसायकलवाल्याला ती लांब पडते, जुन्या जीपवाल्याला जवळ.

हाच प्रकार मी पुढे थेट न्यू जर्सीत पाहिला. २००७ ते २००९ आम्ही तिथे होतो, नवऱ्याच्या नोकरीमुळे. एडिसनच्या आसपास. मराठी माणसं इतकी, की दुकानात मराठीत भाव विचारला तरी चालून जायचं. न्यू जर्सीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, १९४९ पासून. गाडीत बसून राहायचं, पंपावरचा माणूस येऊन भरून देतो. बाकी अमेरिकेत लोक स्वतः नोझल धरतात, आमच्याकडे मात्र थेट सावंतवाडीची सोय! गाडी नुकती शिकलेल्या मला तर त्याचा केवढा आधार वाटायचा. आणि एवढं करून तिथलं पेट्रोल शेजारच्या न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनियापेक्षा स्वस्त. कारण न्यू जर्सीचा राज्य कर तेव्हा गॅलनला साडेचौदा सेंट, देशातल्या सगळ्यात कमी करांपैकी एक. डेलावेअर नदीच्या पलीकडचे लोक पुलावरून यायचे, टाकी फुल करायचे आणि परत जायचे. मला ते बघून बांदेकरांचीच आठवण यायची. २०१६ च्या नोव्हेंबरात न्यू जर्सीने एका दमात २३ सेंट कर वाढवला, तेव्हा ती मजा बरीचशी संपली म्हणतात. रस्ते-पूल दुरुस्त करायला पैसाच उरला नव्हता. स्वस्ताईसुद्धा कुठून तरी वळती होतच असते.

२००८ च्या जुलैमध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं आणि अमेरिकेत पेट्रोलचा सरासरी भाव ४ डॉलर ११ सेंट झाला. तिथल्या बातम्यांत दुसरा विषय नव्हता. मी फोनवर घरी सांगितलं. नानाकाकांनी लगेच हिशोब केला, डॉलर तेव्हा ४३ रुपयांच्या आसपास होता. "एकशे पंचाहत्तर रुपये!! मगे आमचा काय वायट आसा?" मुंबईत तेव्हा पंचावन्नच्या आसपास होतं. काका खूश. शेजारीपाजारी सांगूनही आले की अमेरिकेत हाहाकार आहे, माझी पुतणी चालत हिंडते.

मग मी म्हटलं, काका, तो भाव गॅलनचा आहे हो. एका अमेरिकन गॅलनमध्ये पावणेचार लिटर बसतात. म्हणजे लिटरला सत्तेचाळीस रुपये. फोनवर जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हणजे हाहाकार झालो तरी आमच्यापेक्षा स्वस्त?"

हो. तिथला हाहाकारसुद्धा आपल्यापेक्षा स्वस्त होता.

(गॅलन हाही दोन जातींचा असतो बरं का. इंग्रजी गॅलन साडेचार लिटरचा, अमेरिकन पावणेचारचा. जुन्या इंग्रजी पुस्तकातलं गाड्यांचं मायलेज वाचताना हे लक्षात ठेवावं. असो.)

काकांचा पुढचा प्रश्न अर्थातच "असं का?" आणि हा प्रश्न भाबडा नाही. कच्चं तेल जगभर साधारण एकाच भावाने विकलं जातं. आपण घेतो तेच ते घेतात. मग फरक पडतो कुठे? मी २०२४ चा दिल्लीचा हिशोब वहीत उतरवून ठेवलाय. लिटरला ९४ रुपये ७२ पैसे. त्यात मूळ पेट्रोल पंचावन्नच्या आसपास, पंपवाल्याचं कमिशन पावणेचार, केंद्राचं उत्पादन शुल्क १९ रुपये ९० पैसे, आणि दिल्ली सरकारचा व्हॅट पंधरा-साडेपंधरा. म्हणजे पस्तीस रुपये दोन सरकारांचे. महाराष्ट्रात राज्याचा वाटा याहून मोठा. टक्केवारीचा कर आहेच, वर लिटरमागे पाच रुपयांहून जास्त ठोक रक्कम. ती ठोक रक्कम कशी साचत गेली हेही बघण्यासारखं आहे. २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून दोन रुपयांचा अधिभार लागला. पाऊस पुढच्या वर्षी आला, पण अधिभार म्हणून लागलेला पैसा परत जाताना फारसा कुणी पाहिलेला नाही.

आणि टक्केवारीच्या कराची गंमत अशी, की भाव चढला की राज्याचा वाटा आपोआप चढतो. कुणाला विधानसभेत हात वर करावा लागत नाही. केंद्राचं शुल्क लिटरमागे ठरलेलं असतं, त्यामुळे तिथे उलटा खेळ. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात कच्चं तेल घसरत होतं तेव्हा केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं. पेट्रोलवर ९.४८ चं २१.४८ झालं. म्हणजे जगात तेल उतरत होतं आणि ती उतरंड आपल्या पंपापर्यंत पोचायच्या आधीच वाटेत कुणीतरी उतरवून घेत होतं. २०२० च्या एप्रिलमध्ये तर अमेरिकेत तेलाच्या वायद्याचा भाव शून्याच्याही खाली गेला होता, उणे ३७ डॉलर. आपण त्या वेळी लॉकडाऊनमध्ये घरात बसलो होतो. मे महिन्यात पेट्रोलवर १० रुपये शुल्क वाढलं. जाणवलं नाही, कारण गाडी अंगणात उभी होती. जून-जुलैत गाडी बाहेर काढली तेव्हा जाणवलं.

२०१७ च्या जूनपासून भाव रोज बदलायला लागले तेव्हा मी मनात म्हटलं होतं, आता वही पुरायची नाही. पूर्वी मध्यरात्रीपासून दरवाढ म्हटलं की संध्याकाळी पंपावर रांग लागायची, चौकात गाड्या, पोलीस, भांडणं. मग दहा-वीस पैशांनी रोज चढायला लागलं, त्यामुळे रांग नाही आणि आरडाओरडाही नाही. मग निवडणुका जवळ आल्या की हा रोजचा आकडा आठवडेच्या आठवडे हलत नाही हेही माझ्या वहीत दिसतं. बाकी तुम्ही समजून घ्या.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातच बघा. मुंबईत माहुलला तेलशुद्धीकरणाचे कारखाने पन्नासच्या दशकापासून आहेत. चेंबूरच्या लोकांनी तो वास आयुष्यभर सोसला. आणि देशातल्या महानगरांत महाग पेट्रोल कुठलं, तर वर्षानुवर्षं मुंबईचं असायचं! त्याला एक कारण होतं ते कच्च्या तेलावरची जकात, ती २०१७ च्या १ जुलैला जीएसटीबरोबर गेली. पेट्रोल स्वतः मात्र जीएसटीच्या बाहेरच राहिलं. दुसरं टोक परभणी. राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलची बातमी आली की गावाचं नाव न वाचताच सांगावं, परभणी. तिथे पेट्रोल येतं ते मनमाडच्या डेपोतून, टँकरने, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वाट तुडवून. टँकरचं भाडं लिटरमागे चढतं आणि त्या चढलेल्या भाड्यावर पुन्हा टक्केवारीचा कर! लांब असल्याचा दंड, आणि दंडावर कर. मराठवाड्यातल्या माणसाला हे नवीन नाही, पाण्याच्या टँकरचा अनुभव त्याला आहेच.

राजस्थानातल्या श्रीगंगानगरची कहाणी अगदी तशीच. २०२१ च्या फेब्रुवारीत साध्या पेट्रोलने शंभरी पहिल्यांदा तिथे ओलांडली. आणि त्याच फेब्रुवारीत बिहारच्या सीमेवर लोक सायकलला कॅन बांधून नेपाळात जात होते. नेपाळचं पेट्रोल कुठून येतं? भारतातून! आपलीच सरकारी कंपनी पुरवते. म्हणजे आपलं पेट्रोल टँकरमधून नेपाळात जायचं आणि स्वस्त होऊन सायकलवरून परत यायचं. सशस्त्र सीमा दलाला ते पकडावं लागत होतं. पुढच्याच वर्षी नेपाळचा भाव १९९ नेपाळी रुपयांपर्यंत चढला आणि सायकली उलट्या दिशेने वळल्या. कॅन तेच असणार.

या बाबतीत सिंगापूर फार हुशार. शेजारच्या मलेशियात पेट्रोल निम्म्याहून कमी भावात, पूल ओलांडला की झालं. म्हणून सिंगापूरने नियमच केला की देशाबाहेर जाणाऱ्या सिंगापुरी गाडीची टाकी पाऊण भरलेली पाहिजे. काटा पाऊणच्या खाली दिसला तर दंड. आणि मलेशियानेही २०१० पासून परदेशी गाड्यांना आपलं अनुदानाचं साधं पेट्रोल विकायला बंदी घातली. पत्रादेवीला असा कोणी काटा तपासायला उभा राहिला तर आमचे नानाकाका त्याला काय काय ऐकवतील याची कल्पना करून बघते आहे.

तेल ज्यांच्या जमिनीतून निघतं त्यांच्याकडे तरी स्वस्त असेल ना? असतं, आणि नसतंही. माझा मावसभाऊ शारजात आहे, तिथे २०१५ च्या ऑगस्टपासून भाव सरकारने मोकळे सोडले, दर महिन्याला बदलतात. २०२५ मध्ये अडीच दिरहमच्या आसपास, म्हणजे साठ रुपये. नॉर्वे एवढं तेल काढतो, पण तिथे लिटरला वीस क्रोनरच्या घरात. दीडशे रुपयांच्या वर. तेल विकून आलेला पैसा ते पुढच्या पिढ्यांच्या निधीत टाकतात आणि स्वतः महाग पेट्रोल भरतात. इराणमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरात रातोरात पन्नास टक्के वाढ झाली आणि लोक रस्त्यावर आले, गोळीबारात माणसं मेली. व्हेनेझुएलात तर १९८९ च्या फेब्रुवारीत पेट्रोल वाढल्यामुळे बसभाडं वाढलं, तिथून दंगल पेटली आणि शेकडो लोक गेले. त्यानंतर कित्येक वर्षं तिथली सरकारं पेट्रोलला हात लावायला कचरत राहिली. पाण्याच्या बाटलीपेक्षा पेट्रोल स्वस्त अशी अवस्था. २०२० मध्ये शेवटी अर्धा डॉलर लिटर असा भाव लावला, अनुदानाचं वेगळं. जगाच्या यादीत आजही तो देश स्वस्तांमध्ये दिसतो. पण तिथलं किमान वेतन २०२२ पासून महिन्याला १३० बोलिव्हरवर थांबलेलं, आणि २०२५ मध्ये त्याचे दोन डॉलरही येत नव्हते. वरचे बोनस सोडले तर महिन्याच्या पगारात चार लिटर पेट्रोल नाही. स्वस्त कशाला म्हणायचं?

इथे माझ्या वहीचा प्रकार बदलला. मी रुपये-डॉलरचे रकाने सोडून एक नवा रकाना आखला : एका लिटरसाठी किती वेळ काम करावं लागतं.

न्यू जर्सीत २०२५ चं किमान वेतन तासाला १५ डॉलर ४९ सेंट. पेट्रोल गॅलनला तीन डॉलर धरलं तर लिटरला ऐंशी सेंट. म्हणजे किमान वेतनावरचा माणूस एका लिटरसाठी काम करतो तीन मिनिटं. २००८ च्या त्या हाहाकारातही हिशोब नऊ मिनिटांवरच होता. इंग्लंडमध्ये कर भरमसाट, पेट्रोल आपल्यापेक्षा महाग, तरी २०२५ च्या तासाला १२.२१ पौंडांच्या किमान वेतनात लिटरला सहा-सात मिनिटं. आणि महाराष्ट्रात रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९. एक लिटर पेट्रोल म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. खोदकाम.

दादाला दाखवलं तर म्हणाला, रोजगार हमीवरचा माणूस पेट्रोल कुठे भरतो? बरोबर आहे, तो भरत नाही. तो सहा आसनी रिक्षात बारावा बसतो, आणि भाडं देतो. पण दादाचं म्हणणं मनात राहिलंच. पेट्रोल भरणाऱ्या माणसाचा हिशोब हवा. तर तो माणूस दादाच्या घरातच निघाला.

माझी वहिनी कुडाळच्या बाजूला एका ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. नऊ वर्षं झाली. तासाला दीडशे रुपये. दिवसाला साधारण तीन तास मिळतात, महिन्याला नऊ हजारांच्या आसपास पडतात, तेही कॉलेज चालू असेल तेवढे महिने. सावंतवाडीहून जाऊन-येऊन शेहेचाळीस किलोमीटर. तिच्या अॅक्टिव्हाला रोज एक लिटर लागतं, अगदी हिशोबात. त्यामुळे तिला वही-बिही काही लागत नाही. ती सरळ म्हणते, "पयलो तास पंपाचो." दीडशेतले एकशेपाच पंपावर जातात. उरलेल्या दोन तासांचं घरी येतं. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये भाव एकशेवीसच्या वर होता तेव्हा तर पहिला तास जवळजवळ अख्खाच पंपाचा होता. अतिवृष्टीची सुट्टी बहुधा ती कॉलेजात पोचल्यावर जाहीर होते. त्या दिवशी पेट्रोल जळलेलं असतं आणि तास शून्य.

दादा पत्रादेवीपासून थोडं आत एका कारखान्यात नोकरीला आहे, रोज मोटरसायकलने गोव्यात जातो. वहिनीची वाट मात्र उत्तरेला, त्यामुळे गोव्याचं स्वस्त पेट्रोल तिच्या कामाचं नाही. मग या दोघांनी काय युक्ती काढलीय, ऐका. शनिवारी वहिनीला तास नसतात. त्या दिवशी दादा तिची अॅक्टिव्हा घेऊन कारखान्यात जातो आणि येताना फुल करून आणतो. पाच लिटर, आठवड्याची बेगमी. मी हौसेने हिशोब केला : पाच लिटरवर वाचले बेचाळीस. पण अॅक्टिव्हा मोटरसायकलपेक्षा जास्त पिते, त्या चाळीस किलोमीटरच्या फेरीत वीस-एकवीस रुपये जास्त जळतात. म्हणजे निव्वळ वाचले एकवीस. आठवड्याला एकवीस रुपये! मी म्हटलं, वहिनी, एवढ्यासाठी त्याला स्कूटरवर कशाला पाठवतेस, पाय दुमडून जातो बिचारा. म्हणाली, "एकवीस तर एकवीस. एक डझन केळी येतत."

पंपावर आपण बहुतेक लोक लिटर मागतच नाही. "शंभरचं टाका" म्हणतो. (काही लोक एकशेदहाचं टाका म्हणतात, शंभरच्या बटणात मापात मारतात असा त्यांचा पक्का समज असतो.) शंभरचं टाका हे वाक्य वीस वर्षांपूर्वी होतं तसंच आहे, पण तेव्हा त्यात दोन लिटरच्या आसपास यायचं आणि आता लिटरही येत नाही. त्यातही २०२५ पासून वीस टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी. लिटरचा भाव तोच, लिटर मात्र थोडा हलका. वहिनी म्हणते कुडाळच्या चढाला गाडी आता पूर्वीसारखी खेचत नाही. गाडी जुनी झालीय की पेट्रोल पातळ झालंय, हे ठरवायला माझ्या वहीत रकाना नाही.

दादाचं म्हणणं, सोड ती नोकरी, घरी शिकवण्या घे. इलेक्ट्रिक स्कूटरचं दोघं बघून आले, पण लाखभर रुपये म्हणजे तिचं जवळजवळ वर्षाचं उत्पन्न, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. मी मधे पडून सल्ला द्यायचं टाळलं. पुण्यात बसून बोलणं सोपं असतं, इथे दारात रिक्षा उभी राहते. शिवाय मला माहीत आहे, ती पैशासाठी टिकलेली नाही. कधीतरी जागा मंजूर होईल, कायम होऊ, या आशेवर नऊ वर्षं गेलीत, आणि जेवढी वर्षं जास्त गेली तेवढं सोडणं अवघड.

एक वाट तिने स्वतः शोधलीय. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. अर्ध्या तिकिटात जाऊन-येऊन पेट्रोलपेक्षा खूपच स्वस्त पडतं, शिवाय पावसात भिजणं नाही. अडचण वेळेची. सकाळचा पहिला तास पावणेआठला लागतो आणि त्या वेळेला पोचवणारी गाडी नाही. दुसरी मिळते ती घेतली तर एक तास हुकतो. म्हणजे पेट्रोल वाचतं पण दीडशे जातात. तास थोडे पुढे सरकले तर मात्र सगळं जमतं. पेट्रोलचा भाव ठरवणाऱ्यांपर्यंत काही तिचा हात पोचत नाही, पण कॉलेजचं टाइमटेबल लावणारे सर ओळखीचे आहेत. जूनमध्ये नवं टाइमटेबल लागेल. साडेआठच्या आधीचा तास नको, बदल्यात शेवटचा कुणालाही नको असलेला तास देऊन टाका, असं तिने त्यांच्या कानावर घालून ठेवलंय. सर बघतो म्हणालेत.